चिमणीच्या शिक्क्याचं खोगीर

सिंधू नांदेडच्या दवाखान्यातून निघाली तेव्हाच तिनं ठरवलं होतं की आज देगलूरला जाऊन भावाशी भांडायचं. दोन भावांपैकी कोणत्या भावाशी, हेही ठरलेलं होतं. त्यामुळे एसटीत बसल्यावर तिला फक्त शब्द जुळवायचे उरले. चादरीत बांधलेलं खोगीर मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली आणि नरसी येईपर्यंत मनातल्या मनात वीरभद्राची सालटी काढत राहिली. कंडक्टरनं गाठोड्यातून बाहेर डोकावणारी रिकीब पाहिली आणि "घोडा मागनं येऊन राहिला का, बाई?" असं विचारलं. सगळी गाडी हसली. सिंधू हसली नाही. तिचा मुलगा खांद्याला पट्टे बांधून दवाखान्यात पडला होता, आणि तो याच खोगिरापायी.

माळेगावच्या जत्रेत सत्यमनं हे खोगीर एका घोडेवाल्याकडून घेतलं होतं. तशी गरज काही नव्हती. चाकूरला त्याच्या घोडीचं धड खोगीर खुंटीला होतं. पण या खोगिराच्या पाखेखाली, म्हणजे बाजूला लोंबणाऱ्या कातड्याखाली, त्याला चिमणीचा शिक्का दिसला आणि पोरगं भाळलं. चिमणी ही त्याच्या आजोळची खूण. सिंधूच्या आजोबांनी पितळेचा ठसा करवून घेतला, तेव्हापासून देगलूरच्या या घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोगिरावर चिमणी बसली. उदगीरपासून बिदरपर्यंत लोक त्याला चिमणीछाप म्हणत. चिमणीछाप घेताना कुणी तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पट्टा, ओढून पाहत नसे; पाहिलं तर घराचा अपमान केल्यासारखं व्हायचं. सत्यमनंही पाहिलं नाही. घोडीवर टाकलं, चाल दाखवायला रिंगणात उतरला आणि पहिल्याच वळणावर घोडीच्या पोटाखालचा तंग तुटला. खोगिरासकट तो खाली आला. खांद्याजवळचं हाड मोडलं आणि मनगटही गेलं. पुढच्या महिन्यात पोलीस भरतीचं मैदान होतं. त्यासाठी तो पहाटे उठून चाकूरच्या रस्त्यावर धावायचा, आल्यावर गोळा फेकायचा. गोळा फेकायचा हात तोच होता.

वाटेत दोनदा मोबाइल वाजला, पण तिनं उचलला नाही. मोबाइल घेऊन वर्षही झालं नव्हतं आणि त्याचा कानापाशी ऐकायचा भाग बंद पडला होता. स्पीकरवर टाकलं तरच ऐकू यायचं. म्हणजे घरची बातमी आधी गाडीला आणि मग आपल्याला. त्यापेक्षा उतरल्यावर बघू, असं म्हणून तिनं तो पिशवीत टाकला.

घरी अण्णा नेहमीसारखे बाहेरच्या पडवीत शिवायला बसले होते. अण्णा म्हणजे थोरला भाऊ बसलिंगप्पा. अप्पांच्या, म्हणजे वडील गुरुपादप्पांच्या माघारी घरात आरी आणि मेणवलेला दोरा धरणारे ते एकटेच. त्यांच्यामागं खुंटीला एक नवं खोगीर टांगलेलं होतं, फक्त शिक्का मारायचा बाकी. सिंधूला पाहून अण्णा उठले, पोर कसंय विचारलं आणि गाठोडं स्वतः सोडलं. तंगाचं तुटकं टोक हातात घेतलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं. मग हात धुवायला परसात गेले. हात मळलेले नव्हते. भाच्याच्या काळजीनं माणूस बावरलंय, असं सिंधूला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले.

"आधी चहा घेताव का जेवताव?" महानंदावैनीनं विचारलं.

"काईच नको. वीरू आला का?"

"निघालाय म्हणून फोन होता. अव्वानं बोलावलंय त्याला. आज शिक्क्याचं ठरवायचं म्हणतायत."

अव्वा, म्हणजे आई लक्ष्मम्मा, आत तुरीतले खडे वेचत बसली होती. वय झालं तरी नजर शाबूत होती आणि जीभ त्याहून. अप्पा गेल्यापासून ठसा तिच्याच कनवटीला असायचा. अण्णांनी खोगीर पुरं करायचं, तिच्यापुढं आणून "झालं" म्हणायचं आणि तिनं स्वतःच्या हातानं चिमणी उठवायची. पण हल्ली तिचा हात कापायला लागला होता. मागच्या खेपेला चिमणीची चोचच उमटली नाही. तेव्हा तिनं जाहीर केलं की संक्रांतीच्या आत ठसा कुणा एकाच्या हाती देऊन मोकळी होते.

"खोगीर परत आलं न्हवं?" तिनं सुपातली नजर न काढता विचारलं.

"आलं, अव्वा. मीच आणलंय."

"मग पोट उघडावं लागंल. वीरभद्र येऊ दे."

घरचा रिवाजच तसा होता. चिमणीछाप खोगीर परत आलं, तर ते आणणाऱ्याच्या देखत त्याचं पोट उसवायचं आणि दोष कुणाचा ते बघायचं. मग आणणारा जो शब्द टाकेल तो घरानं पाळायचा. पोटात काय बघायचं, तर लुगड्याचा तुकडा. शिवणं पुरुषांचं आणि भरणं बायकांचं, अशी या घरातली वाटणी होती. लोकर आणि गवत ठासून झालं की भरणारी बाई आपल्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा आत घालायची आणि मग पोट बंद व्हायचं. कुणी पाहणार नाही अशा जागी आपलं नाव ठेवायची ती रीत. लग्नाआधी सिंधूनंही पुष्कळ खोगिरं भरली होती. तिच्या परकराचे तुकडे आजही कुठल्या कुठल्या घोड्यांच्या पाठीवर बसलेले असतील, या विचारानं तिला एरवी हसू यायचं.

आज तिचा हिशेब सरळ होता. पोटात लुगडं निघणार नाही, स्पंज निघेल. कारण हा माल वीरभद्राचा.

वीरभद्र तिच्या पाठचा. घरातली आरी सोडून तो तरुणपणीच नांदेडला गेला आणि वजिराबादेत त्यानं दुकान टाकलं. शाळेची दप्तरं, पट्टे, आणि लग्नसराईत वरातीच्या घोड्यांचा साज. रेक्झिनची खोगिरं, मखमली झुली, सोनेरी मुलामा दिलेले बक्कल, सगळं ट्रकनं बाहेरून यायचं. दुकान जोरात चालायचं. दोन वर्षांमागं त्यानं अव्वाकडे शिक्का मागितला होता. तयार मालावर चिमणी मारू द्या, म्हणजे गिऱ्हाईक डोळे झाकून घेईल, असं त्याचं म्हणणं. अव्वा म्हणाली होती, चिमणी प्लास्टिकवर बसत न्हाई. तेव्हापासून घरात एक कुजबुज होती की वीरूनं तसलाच दुसरा ठसा करवून घेतला असणार. ती कुजबुज सुरू कुणी केली हे सिंधूला चांगलं माहीत होतं. ती तिनंच केली होती.

दुपार कलायच्या आत वीरभद्र आला. अंगानं सुटलेला, धापा टाकत, हातात मोसंब्यांची पिशवी. सत्यम पडल्याचं कळल्यावर दवाखान्यात पहिला पोचला होता तोच. सिंधूचा नवरा सिद्धलिंग चाकूरहून येईपर्यंत पोराच्या उशाशी बसून राहिला होता. सिंधू त्याच्याशी तिथं एक अक्षर बोलली नव्हती.

"अक्का, आता बरं हाय का त्याला? मी सकाळी—"

"तुझ्या मालानं माझं लेकरू पाडलं, वीरू," सिंधू म्हणाली. एसटीत जुळवलेले बाकीचे शब्द कुठं गेले कोण जाणे. एवढेच उरले होते.

वीरभद्रानं पिशवी खाली ठेवली. "माझा न्हाई तो माल."

"मग कुणाचा? अण्णाचा? अण्णाच्या हातचा तंग तुटलेला कधी ऐकलास तू?"

"न्हाई ऐकला."

"मग? शिक्का काय, पाहिजे तसला करून मिळतो बाजारात."

"मी केला न्हाई. आईची आण घेऊन सांगायलो, अक्का. अव्वानं न्हाई म्हणलं, विषय मिटला. माझ्या दुकानात एका तरी वस्तूवर चिमणी दाखव, मी दुकान बंद करतो."

अण्णा पडवीच्या खांबाला टेकून उभे होते. "भांडू नका," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की कुणी मनावर घेतलं नाही.

आणि खरं म्हणजे वीरभद्रालाही आता राहवेना. हे घर त्याला दोन वर्षं चोर समजत होतं आणि तो मोसंबी घेऊन येत होता. "अन् तुमाला सांगू का," तो म्हणाला, "माझ्या मालाला नावं ठेवता तुमी, पन ह्या घराची चूल थंड कुनी केली? तुमच्या खोगिरानं. बिलोलीच्या पाटलाकडं आजोबाच्या हातचं खोगीर अजून हाय. आजोबा गेले, पाटील गेले, पाटलाचा घोडा गेला. खोगीर हाय. आता त्यांची नातवंडं बुलेटवर फिरतात, ते शोभेला ठेवलंय दिवाणखान्यात. मानूस मरंस्तोवर जर वस्तू तुटलीच न्हाई, तर तो परत दुकानात कशाला यील? अन् आला तर दुरुस्तीला येतो, ती बी फुकट, कारण अप्पाचा शब्द."

"वस्तू टिकावी म्हणूनच तर करायची असती," सिंधू म्हणाली.

"तुझा मोबाइल टिकला का? मग? नवा घेशीलच न्हवं? दुकान असं चालतं, अक्का."

महानंदावैनी दारात उभी होती. तिनं मान खाली घातली, पण सिंधूला दिसलं की तिला दिराचं पटतंय. वर्षाकाठी दोन-चार खोगिरं विकणाऱ्याचा संसार तीच ओढत होती, शेजारच्यांच्या लग्नाचे पापड-शेवया करून. सिंधूला थोडी लाजही वाटली आणि रागही आला.

"झालं असलं बोलून तर रापी आणा," अव्वा म्हणाली.

अण्णांनी रापी आणून दिली. अव्वानं खोगीर पुढ्यात ओढलं, उलटं केलं आणि खालच्या बाजूचा पहिला टाका कापला. हात कापत होता, पण टाका नेमका सापडला. दुसरा, तिसरा. कातडं बाजूला झालं. सिंधू पुढं वाकली. स्पंज नव्हता. आत काळी-पांढरी लोकर होती, दाबून भरलेली, हातानं पिंजलेली. अव्वानं लोकरीत दोन बोटं घातली आणि एक तुकडा बाहेर काढून मांडीवर पसरला. वांगी रंगाचं इरकल, पिवळ्या काठाचं.

ते सिंधूनं लगेच ओळखलं. आपल्या लेकीच्या, पुनमच्या लग्नात तिनंच ते वैनीला आहेर केलं होतं.

"लवकर विरलं," वैनी हळूच म्हणाली, जणू तेवढंच सांगायचं होतं. "म्हणून कापलं." मग तिला आपण काय बोललो ते कळलं आणि ती नवऱ्याकडं बघत राहिली.

सिंधूनं तो तुकडा हातात घेतला. तिला वाटलं होतं, आज इथून एक भाऊ तोडून जायचं आणि एक भाऊ जपून ठेवायचा. आता जपून ठेवलेलाच हातातून निसटत होता. मनातून ती म्हणत होती की काहीतरी गफलत असेल, अण्णांना कुणी फसवलं असेल, चामडंच खराब निघालं असेल. हल्ली कमावलेलं चामडं मिळतं कुठं?

वीरभद्राच्या तोंडून आनंदाचा एक शब्द निघाला असता तरी ते भांडण तिथंच पेटलं असतं. पण तो मटकन खाली बसला आणि त्यानं तंग उचलला. दुकानदाराची सवय. तुटलेलं टोक त्यानं उजेडाकडं धरलं, नखानं दोन पदर सोडवले आणि आत बघितलं. चिमणीछाप तंगाच्या दोन पदरांमध्ये सुती नवार घातलेली असते. सगळा ताण तीच घेते. इथं नवार नव्हती. पुठ्ठ्याची पट्टी होती, आणि वरून टाके असे एकसारखे की बाहेरून कुणालाही कळू नये.

"अण्णा," तो म्हणाला, "हे चुकून झालेलं न्हाई."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मुद्दाम?"

"हाव."

सिंधूला आपल्या कानांवर विश्वास बसेना. लहानपणी तिची चप्पल तुटली तरी अण्णा ती अशी शिवून द्यायचे की बाकीची चप्पल झिजून जायची आणि टाका राहायचा.

अण्णा खांब सोडून खाली बसले. "मागल्या साली माळेगावात तू माझ्या पालात आलतास," ते वीरभद्राला म्हणाले. "दिवसभर एक गिऱ्हाईक न्हाई. आले ते अप्पाच्या हातची जुनी खोगिरं घिऊन. टाका घाला, गोंडा लावा. तू बोललास, अण्णा, तुमचं खोगीर तुटत न्हाई म्हणून तुमी उपाशी मरताव. आता बोलला तेच. मी काई बोललो न्हाई. घरी आलो. हिला पापड लाटताना बघितलं. मग एक करून बघितलं. एकच. तीन-चार सालानं तुटावं असं. तुटलं की तो मानूस परत यील, नवं करून दिऊ."

"अन् तुमी तंग कच्चा ठेवला?" वीरभद्राचा आवाज चढला. सिंधूनं त्याला अण्णांवर आवाज चढवताना पहिल्यांदाच ऐकलं. "तंग? अण्णा, अख्खं खोगीर पडलं होतं कच्चं ठेवायला. गोंडे कच्चे ठेवायचे, ते गळतात. रंग कच्चा ठेवायचा, पान्यानं उतरतो. झुलीची शिवन कच्ची ठेवायची. मानूस चार शिव्या देतो अन् नवं घेतो. माझ्या दुकानात या अन् बघा, सगळं तकलादू हाय, मीच सांगतो. पन तंग अन् रिकिबीचा पट्टा आला की मी सवता ओढून बघतो. जो ताणावर टिकला न्हाई तो परत धाडतो. घोड्यावर मानूस बसनार हाय हो."

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. शाळेत उत्तर न आलेल्या मुलासारखं ते बघत होते.

"मला काय ठाऊक," ते म्हणाले. "पक्कं कसं करायचं तेवढं अप्पानं शिकवलं. कच्चं कुठं ठेवायचं असतं ते शिकवलंच न्हाई."

अव्वानं डोळ्याला पदर लावला नाही की कपाळावर हात मारला नाही. तिनं उसवलेली लोकर गोळा करून खोगिराच्या पोटात परत ठेवली. "मी मारला शिक्का ह्यावर," ती म्हणाली. "तू झालं म्हणलास अन् मी मारला."

"हाव, अव्वा."

"बरं."

तेवढ्यात सिंधूच्या पिशवीतला मोबाइल वाजला. तिनं घाईनं काढला, नाव बघितलं आणि क्षणभर थांबली. सत्यम होता. न उचलावं तर पोर काळजी करेल. उचलावं तर सगळ्यांना ऐकू जाणार. तिनं उचलला.

"आई, पोचलीस का? केव्हाचा लावायलोय. उघडलं का खोगीर?"

"उघडलं, बाळा."

"खोटा शिक्का होता ना?"

सिंधूनं अण्णांकडं पाहिलं. खोटं बोलायला तिची काही हरकत नव्हती. पोराच्या सुखासाठी तिनं याहून मोठं खोटं पचवलं होतं. पण अण्णा सरळ तिच्याकडंच बघत होते.

"आई? अण्णामामाचं होतं का ते?"

"हाव," ती म्हणाली. "मामाचंच होतं."

पलीकडं दवाखान्याचा गलका ऐकू येत होता. मग सत्यम म्हणाला, "मग माझीच चूक झाली असंल. मी तंग लई आवळला असंल. घोडी बी फुगली होती चाऱ्यानं. मामाला काई बोलू नको, आई. त्यांना वाईट वाटंल."

वीरभद्रानं तोंड फिरवलं. अण्णा उठले, सिंधूच्या हातातून मोबाइल घेतला. तो कसा धरायचा हे त्यांना नीट माहीत नव्हतं. दोन्ही हातांनी समोर धरून ते बोलले.

"सत्यम, मी मामा. तुझी चूक न्हाई. तू आवळला ते बरोबर होतं. मीच कच्चा केला होता."

"म्हणजे?"

"जानून केला. मोडावा म्हणून."

अण्णा वाट बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं पलीकडून "बरं" असा एक शब्द आला आणि फोन बंद झाला. रडला असता, ओरडला असता तर सिंधूला सोसलं असतं. त्या "बरं"नं तिचं काळीज तुटलं. भरती पुढच्या सालीही निघेल, हाड सांधेल. पण खोगीर हातात घेतल्यावर आधी पाख उलटून चिमणी शोधणारं ते पोर आता परत तसं करणार नाही, हे तिला पक्कं कळलं.

"तू आणलंस, सिंधू," अव्वा म्हणाली. "शब्द तुझा हाय. बोल."

जो शब्द ती तयार करून आली होती तो वीरभद्राला या घराचं दार बंद करण्याचा होता. तो आता कुणाला द्यायचा? अण्णांच्या हातून आरी काढून घ्यावी, तर मग चिमणीछाप संपलंच. काहीच बोलू नये, झालं गेलं म्हणावं, तर सत्यमच्या मोडलेल्या हाडाला अर्थच राहत नाही. तिनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. एकाला वस्तू कशी जगते ते कळत होतं आणि दुसऱ्याला ती कुठं मरते ते. आयुष्यभर तिनं पहिल्याला देव मानलं आणि दुसऱ्याला नावं ठेवली, आणि त्यात आपण कधी चुकू असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"शिक्का वीरूकडं दे," ती म्हणाली.

महानंदावैनीनं चमकून वर पाहिलं. वीरभद्र तर उठूनच उभा राहिला. "मला नको, अक्का. आता नको. मी मागितला तेव्हा येगळं होतं."

"तू मागितलास त्यासाठी न्हाई देत. तुझ्या दुकानातल्या मालावर तो उठवायचा न्हाई. अण्णांनी शिवायचं, वैनींनी भरायचं. खोगीर पुरं झालं की तू इकडं यायचं, तंग ओढायचा. माझ्या सत्यमला त्यावर बसवशील असं वाटलं, तरच शिक्का मारायचा."

"अण्णांच्या मालाची मी परीक्षा घेऊ? अण्णांच्या?"

"हाव."

वीरभद्रानं अण्णांकडं पाहिलं, ते नाही म्हणतील या आशेनं. अण्णा म्हणाले, "घे."

अव्वानं कनवटीची गाठ सोडली. ठसा बाहेर काढला, पदरानं पुसला आणि वीरभद्राच्या तळहातावर ठेवला. दोन वर्षं ज्यासाठी तो झुरला ती वस्तू एवढीशी होती, चिंचोक्याहून थोडी मोठी. तो ती धरून नुसता उभा राहिला.

"ते एक तयार हाय," अण्णांनी खुंटीकडं मान केली. "बिदरकडचा मानूस उद्या न्यायला यायलाय."

वीरभद्रानं खोगीर उतरवलं. तंगाचं एक टोक तुळईच्या कडीत अडकवलं, दुसरं दोन्ही मुठींत धरलं आणि पाय उचलून नांदेडच्या जेवणानं कमावलेलं सगळं वजन त्यावर सोडलं. कडी करकरली. तंग करकरला नाही. त्यानं दोन झोले घेतले, उतरला, रिकिबीचे पट्टे ओढले, टाके नखानं तपासले. सगळं पहिल्यासारखं होतं, अप्पांच्या वेळेसारखं. सिंधूचा जीव भांड्यात पडला. वैनीनं तर शिक्का मारायच्या जागेवर लावायला तेलाची वाटीही आणली.

वीरभद्रानं ठसा उचलला, पाखेखालच्या जागेवर धरला आणि पुन्हा खाली ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "तंगाचे पदर उसवा. पोट बी उघडा."

"अवो भावजी, ते चांगलं हाय," वैनी म्हणाली. "मी भरलंय सवताच्या हातानं."

"चांगलंच असंल, वैनी."

ते चांगलं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, वीरभद्रालाही. उघडलं की आत नवार निघणार, लोकर निघणार, लुगड्याचा तुकडा निघणार, आणि मग सगळं परत शिवत अण्णांना उद्या सकाळपर्यंत बसावं लागणार. राहू दे, असं सिंधूच्या अगदी ओठांवर आलं. पण शब्द तिनंच टाकला होता.

अण्णांनी धाकट्या भावाकडं एकदा पाहिलं. मग बसकर ओढून घेतलं, खोगीर मांडीवर उलटं केलं, रापी उचलली आणि स्वतःच घातलेला पहिला टाका कापला.